केसगळतीची गती : शेगाव तालुक्यातील एक प्रकरण

संस्कृत वैद्यकात टक्कल पडण्यास इंद्रलुप्त, खालित्य व रुज्या अशी तीन नावे आढळतात. सुश्रुताने ती एकाच विकाराची मानली. वाग्भटाने मात्र भेद केला: इंद्रलुप्तात केस एकाएकी जातात, खालित्यात क्रमाक्रमाने. हा भेद केवळ कोशकाराच्या उपयोगाचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु केस का गेले हे ओळखण्यास ते किती वेगाने गेले हा प्रश्न आजही प्रथम विचारावा लागतो.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांपैकी दहांतील साधारणतः नऊ वाढीच्या अवस्थेत असतात व उरलेले विश्रांती घेऊन गळतात. म्हणून दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस फणीत येणे हे रोगाचे लक्षण नव्हे. पुरुषांच्या कपाळाच्या कोपऱ्यांतून व माथ्यावरून सरकत जाणारे टक्कल आणि स्त्रियांचा रुंदावत जाणारा भांग, ही दोन्ही आनुवंशिकतेची कामे असून त्यांना वर्षे लागतात. बाळंतपण, विषमज्वर किंवा मोठे आजारपण यांनंतरची गळती दोनतीन महिन्यांनी सुरू होते. कारण व परिणाम यांत असे अंतर पडल्यामुळे बिचाऱ्या तेलाला किंवा साबणाला विनाकारण दोष दिला जातो. रक्तातील लोहाची उणीव व कंठग्रंथीचे विकार स्त्रियांत विशेष पाहावे लागतात. आपण ज्याला चाई म्हणतो तिच्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते व रुपयाएवढा गुळगुळीत डाग पडतो. हे सर्व प्रकार ज्याचे त्याचे, वैयक्तिक असतात. गावची गावे त्यांनी टकली होत नाहीत.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात नेमके तेच घडू लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा, भोनगाव अशा गावांतून प्रथम डोक्याला खाज, मग केसांना राठपणा आणि तीनचार दिवसांत टक्कल, अशा तक्रारी आल्या. लहान मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्यांपर्यंत, स्त्रिया व पुरुष, कोणीच सुटले नाहीत. फेब्रुवारी २०२५ पर्यंत अठरा गावांतील २७९ रुग्णांची नोंद झाली.

वृत्तपत्रांनी या विकाराला 'टक्कल व्हायरस' असे नाव दिले. नाव देताच कारण ठरले, आणि कारण ठरताच रुग्ण अस्पृश्य ठरला. विषाणूचा कोणताही पुरावा नसता लोक स्पर्शाला भिऊ लागले, ठरू पाहणारी लग्ने अडू लागली. कित्येकांनी लाजेपोटी उरलेसुरले केसही उतरवून टाकले. एका शब्दाने केलेले हे नुकसान रोगाने केलेल्या नुकसानीहून कमी होते असे म्हणवत नाही.

प्रारंभी बुरशीचा व पाण्याचा संशय आला. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाण पट्टा. विहिरींच्या पाण्यात क्षार व नायट्रेट यांचे प्रमाण जास्त आढळले हे खरे. परंतु खारे पाणी येथे पिढ्यान्‌पिढ्या पिण्यात आहे, आणि टक्कल मात्र एका हिवाळ्यात आले.

विंचूदंशावरील संशोधनाने प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस व घरातील गहू तपासून घेतला. त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे सेलेनियम हे द्रव्य रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट व केसांत १५० पट वाढलेले होते. जस्त मात्र घटलेले होते. रेशनच्या दुकानातून मिळालेल्या, पंजाबकडून आलेल्या गव्हात दर किलोस १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. धुतलेल्या गव्हातही १३.६१. म्हणजे विष दाण्यावर बसलेले नव्हते, दाण्यात होते. दिवसाला तीनशे ग्रॅम असा गहू पोटात गेला तर चार मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम जाते. प्रौढास सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा ०.४ मिलिग्रॅम आहे.

अल्प प्रमाणात सेलेनियम शरीरास आवश्यकच असते. ते गंधकाचे सगोत्र आहे आणि अडचण तेथेच आहे. केस व नखे ज्या प्रथिनाची बनतात त्याची बळकटी गंधकाच्या सांध्यांवर असते. सेलेनियम फार झाले की ते गंधकाची जागा बळकावते व सांधे ढिले पडतात. वाढते केसच बहुसंख्य असल्यामुळे ते एकदम तुटतात. चीनमधील हूपै प्रांताच्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात असेच घडले होते. तेथे दगडी कोळशातील सेलेनियम मातीत व मातीतून पिकांत उतरले होते, आणि केसांबरोबर नखेही गेली होती.

शेगावकडे कित्येकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. परंतु एप्रिल २०२५ मध्ये काही गावांतून नखे वेडीवाकडी होऊन गळत असल्याच्या तक्रारी आल्या. नख केसापेक्षा सावकाश वाढते. मुळाशी झालेली इजा टोकाकडे यायला त्याला महिने लागतात.