पाकिस्तान दौरा : भीती कुठली, बहाणा कुठला?

क्रिकेटच्या गप्पांत एक गोष्ट ठरलेली असते : २००९ मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या बसवर हल्ला झाला आणि तेव्हापासून परदेशी संघांनी पाकिस्तानकडे पाठ फिरवली. हे अर्धंच खरं. मे २००२ मध्ये कराचीत न्यूझीलंड संघाच्या हॉटेलाजवळ बॉम्बस्फोट झाला, ११ फ्रेंच तंत्रज्ञ-अभियंते मारले गेले आणि न्यूझीलंडचा संघ दौरा सोडून परतला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने पाकिस्तानात न जाता त्यांच्याविरुद्धच्या कसोट्या कोलंबो आणि शारजात खेळल्या. २००९ ला श्रीलंका गेली तीही बदली पाहुणी म्हणून. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर भारताने आपला दौरा रद्द केला होता.

मैदानाभोवती हजारो पोलीस उभे केले की संघ सुरक्षित, हा दुसरा समज. ३ मार्च २००९ ला मैदानात काहीच घडलं नाही. गोळीबार झाला तो गद्दाफी स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लिबर्टी चौकात. सहा पोलीस आणि दोन नागरिक ठार झाले. लाहोरच्या त्या कसोटीत द्विशतक ठोकलेल्या श्रीलंकेच्या समरवीराच्या मांडीत गोळी घुसली. चालक मेहर मोहम्मद खलील यांनी बस न थांबवता थेट स्टेडियमात घातली, म्हणून संघ वाचला. मागच्या व्हॅनमधल्या पंचांचा चालक मात्र गेला, राखीव पंच एहसान रझा मरता मरता वाचले. ऐन वेळी पोलीस कुठे गेले, असा जाहीर सवाल सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी केला. दौऱ्याआधी येणारं पाहणी पथक हॉटेल ते मैदान या रस्त्यावर इतका जीव का टाकतं, ते यावरून कळावं.

देशात कुठेही स्फोट झाला की संघ बॅगा भरतात, असंही नाही. ४ मार्च २०२२ ला, ऑस्ट्रेलियाच्या २४ वर्षांनंतरच्या पाकिस्तानातल्या पहिल्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी, पेशावरच्या मशिदीत भीषण आत्मघाती स्फोट झाला. रावळपिंडीतला खेळ चालू राहिला, दौराही पुरा झाला. संघावर नेमका धोका आहे का, हे बघितलं जातं.

मग प्रत्येक माघार सुरक्षेपायीच असते का? सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूझीलंडने सामन्याच्या तोंडावर दौरा सोडला, तो आपल्या सरकारच्या इशाऱ्यावरून. तीनच दिवसांनी इंग्लंडने माघार घेताना खेळाडूंचं मानसिक आणि शारीरिक स्वास्थ्य पुढे केलं. इस्लामाबादमधले ब्रिटिश उच्चायुक्त मात्र म्हणाले, प्रवासाचा आमचा सल्ला बदललेला नाही. इंग्लंडचा हा बहाणाच होता, असं माझं स्पष्ट मत. उलट जुलै २००५ मध्ये लंडनमध्येच स्फोट झाले, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्येच राहून खेळला होता.

भारताचं प्रकरण याहून निराळं. तिथे शेवटचा शब्द सुरक्षा सल्लागाराचा नसतो, दिल्लीतल्या सरकारचा असतो. २००८ च्या आशिया चषकानंतर भारतीय पुरुष संघ पाकिस्तानात खेळलेला नाही. २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीचं यजमानपद पाकिस्तानकडे असूनही भारताचे सामने दुबईतच झाले.