मॅडम, यात नोकरी लागते का?

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातील गोष्ट. 'नीट'चा निकाल लागून आठवडा झाला होता. पूर्व विदर्भातील एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. संध्याकाळच्या गर्दीत आई, वडील आणि एकोणीस वर्षांची मुलगी असे तिघे आत आले. मुलीला सहा महिन्यांपासून आम्लपित्त, डोकेदुखी, केस गळणे आणि झोप न लागणे असा त्रास होता. तपासणीत हिमोग्लोबिन थोडे कमी होते. बाकी सारे ठीक होते. दुसऱ्या प्रयत्नातही शासकीय महाविद्यालयात जागा मिळण्याइतके गुण तिला पडले नव्हते. तिसऱ्यांदा परीक्षा द्यावी, असे वडिलांचे म्हणणे होते. मुलगी खाली पाहतच म्हणाली, "मला जैवमाहितीशास्त्र शिकायचं आहे. पुढे संशोधन करायचं आहे."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "मॅडम, यात नोकरी लागते का? तुम्हीच सांगा हिला."

मी मुलीला लोहाच्या गोळ्या आणि झोपेविषयी काही सूचना दिल्या. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही. पंधरा दिवसांनी या, असे सांगितले. त्याला कारण होते.

एक जुना सल्ला

इसवी सन २००० मध्ये मानवी जीनोमचा पहिला मसुदा जाहीर झाला आणि 'बायोइन्फर्मेटिक्स' हा शब्द वर्तमानपत्रांत झळकू लागला. गावोगावी वर्षभराच्या पदविका निघाल्या. आमच्या शेजारचा बी.एस्सी. झालेला एक मुलगा त्या सुमारास माझ्याकडे विचारायला आला होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "यालाच भविष्य आहे, घे प्रवेश." तिथे काय शिकवतात, कोण शिकवते, आधीच्या मुलांचे पुढे काय झाले, यांपैकी काहीच मी विचारले नव्हते. त्याच्या वडिलांनी उसने पैसे घेऊन शुल्क भरले. वर्षभर त्याला तयार सॉफ्टवेअरची बटणे दाबायला शिकवले गेले. संख्याशास्त्र नाही, प्रोग्रॅमिंग नाही. नोकरी मिळाली नाही. दोनएक वर्षांनी तोच मुलगा औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बॅग घेऊन माझ्या दवाखान्यात बसलेला दिसला. त्याने कधी तक्रार केली नाही. पण ऐकीव माहितीवर दिलेला तो सल्ला माझ्या मनातून गेलेला नाही. रुग्णाला औषध देताना मी जेवढी काळजी घेते, तेवढी त्या वेळी घेतली नव्हती.

म्हणून या वेळी मी आधी चौकशी केली. विद्यापीठांतील अध्यापक, संशोधन करणारी दोन-तीन ओळखीची मुले आणि माझ्या वर्गमित्रांपैकी संशोधनाकडे वळलेले एक डॉक्टर यांच्याशी बोलले. अशाच प्रश्नापाशी उभ्या असलेल्या इतर घरांसाठी ती माहिती येथे मांडत आहे.

हे शास्त्र करते काय?

आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच. बीटा ग्लोबिन जनुकातील एका ठिकाणी 'ए' या रासायनिक अक्षराच्या जागी 'टी' आल्याने हा आजार होतो. माणसाच्या जीनोममध्ये अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. त्यांतील हे एक. माझ्याकडे येणाऱ्या दोन रुग्णांमध्ये हाच बदल आहे. तरीही एकाला वारंवार रक्त चढवावे लागते आणि दुसरा शेतात दिवसभर राबतो. असे का?

एक कारण असे की, काही जणांमध्ये गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकून राहते आणि त्यांचा आजार सौम्य होतो. हे प्रमाण ठरवण्यात बीसीएल११ए नावाच्या जनुकाचा मोठा वाटा आहे, हे २००७-०८ च्या सुमारास समजले. ते कळले अनेक लोकांच्या जनुकीय नोंदी संगणकावर शेजारी-शेजारी ठेवून, संख्याशास्त्राच्या साहाय्याने ताडून पाहिल्यामुळे. त्याच जनुकाच्या नियंत्रणात बदल करणारी सिकलसेलवरील पहिली जनुक-संपादन उपचारपद्धती २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाली. तिचा खर्च आपल्या रुग्णांच्या आवाक्यापासून फार दूर आहे. परंतु संगणकावरील ताळेबंदापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतची ही वाट खरी आहे.

जीवशास्त्रातील प्रचंड माहिती साठवणे, तिची वर्गवारी करणे आणि तिच्यातून अर्थ काढण्याची साधने तयार करणे म्हणजे जैवमाहितीशास्त्र. त्या माहितीच्या आधारे पेशी, प्रथिने किंवा साथींचे गणिती प्रारूप मांडून प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजे संगणकीय जीवशास्त्र. दोहोंतील सीमारेषा पुसट आहे. कोविडच्या काळात 'डेल्टा', 'ओमायक्रॉन' ही नावे आपल्या घरात पोहोचली, ती विषाणूंची जनुकीय अक्षरे वाचून त्यांतील बदल टिपणाऱ्या अशाच अभ्यासकांमुळे. डिसेंबर २०२० मध्ये त्यासाठी उभारलेल्या 'इन्साकॉग' या राष्ट्रीय जाळ्यातील पहिल्या १० प्रयोगशाळांपैकी दोन पुण्यातील होत्या : राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही संगणकाद्वारे प्रथिनांची रचना घडवण्याच्या व ओळखण्याच्या कामासाठी देण्यात आले.

कामाच्या जागा कुठे आहेत?

महाराष्ट्रात या विषयाचे मुख्य केंद्र पुणे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे बायोइन्फर्मेटिक्स केंद्र १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कार्यरत आहे. आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-डॅक याही संस्थांत या विषयाचे काम चालते. मुंबई परिसरात आयआयटी, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र 'ॲक्ट्रेक' आहे. नागपूरच्या 'नीरी'त पर्यावरणातील सूक्ष्मजीवांच्या जीनोमवर काम होते. राज्याबाहेर हैदराबादचे सीसीएमबी, बंगळुरूचे एनसीबीएस व भारतीय विज्ञान संस्था, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, दिल्लीचे आयजीआयबी अशी मोठी नावे आहेत. १०,००० भारतीयांच्या जीनोमचे वाचन करणाऱ्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाची माहिती फरिदाबादच्या भारतीय जैवविदा केंद्रात साठवली आहे आणि जानेवारी २०२५ पासून ती संशोधकांसाठी खुली करण्यात आली आहे. माहितीचे भांडार वाढत आहे. ते वाचणारी माणसे लागणारच.

मात्र 'माणसे लागणार' आणि 'कायम नोकऱ्या निघणार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलांच्या प्रश्नाचे खरे उत्तर या फरकात आहे.

वाट किती लांब, पदरात काय?

पदव्युत्तर पदवीनंतर पहिली पायरी बहुधा एखाद्या संशोधन प्रकल्पातील साहाय्यकाची असते. ही नेमणूक प्रकल्पाच्या मुदतीपुरती असते. प्रकल्प संपला की ती संपते. पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची 'बेट', आयसीएमआरची परीक्षा किंवा 'गेट' या मुख्य वाटा आहेत. नेटमध्ये जैवमाहितीशास्त्राचा स्वतंत्र विषय नाही. बहुतेक विद्यार्थी जीवविज्ञान हा विषय घेऊन बसतात. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, तर वरिष्ठ पाठ्यवृत्ती ४२,००० रुपये. नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थाही आपापल्या लक्ष्यगटातील पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. पाठ्यवृत्तीचे पैसे कधी कधी काही महिने रखडतात, म्हणून हाताशी थोडी शिल्लक हवी, हे तिथल्या मुलांनी मला आवर्जून सांगितले.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणतः कमाल सहा वर्षे मिळतात. प्रत्यक्षात पाच वर्षे धरून चालावे. त्यानंतर दोन ते चार वर्षांचे पोस्टडॉक, देशात किंवा परदेशात. म्हणजे अठराव्या वर्षी निघालेली मुलगी स्थिर पदाच्या दाराशी पोहोचेपर्यंत तिशी ओलांडते. विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते आणि केंद्रीय संशोधन संस्थांत ते याहून अधिक असते. परंतु ही पदे थोडी आणि उमेदवार पुष्कळ. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत तर पीएच.डी. झालेली माणसेही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवत आहेत. परदेशातही चित्र फार वेगळे नाही. ब्रिटनमध्ये हिंक्स्टन येथे जगातील मोठी जैवमाहिती भांडारे सांभाळणारी संस्था ज्या युरोपीय प्रयोगशाळेचा भाग आहे, तिच्यातही बहुतेकांचा करार कमाल नऊ वर्षांचा असतो.

मग वैद्यकीय शिक्षणाशी तुलना करून पाहू. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, पुढे एम.डी.ची तीन, मधली प्रवेश परीक्षांची वर्षे वेगळी. लांबी फारशी निराळी नाही. फरक शेवटाला आहे : डॉक्टरला पाटी लावता येते, संशोधकाला लावता येत नाही. तथापि संशोधकाच्या हाती मध्यंतरी आलेले कौशल्य वाया जात नाही. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग पक्के असलेल्याला रुग्णालयांच्या जनुकीय प्रयोगशाळा, औषधनिर्मिती, चिकित्सा-चाचण्यांची माहिती हाताळणाऱ्या कंपन्या अशी दारे उघडी राहतात. संशोधन संस्थांतही प्राध्यापकपदाखेरीज माहितीचे संपादन करणारे, सॉफ्टवेअर लिहिणारे, सामायिक सुविधा सांभाळणारे वैज्ञानिक लागतात. शेजारच्या त्या मुलाच्या पदविकेत नेमके हेच कौशल्य नव्हते.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा आतले विषय पाहावेत. पायथॉन किंवा आर, लिनक्स, संख्याशास्त्र आणि रेण्वीय जीवशास्त्र यांपैकी एखादा विषय नसेल तर सावध व्हावे. अध्यापकांचे शोधनिबंध प्रसिद्ध होतात का, शेवटच्या सत्रात खराखुरा प्रकल्प करावा लागतो का, आणि मागील तीन वर्षांचे विद्यार्थी आज कुठे आहेत, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संस्थेकडून नव्हे, त्या विद्यार्थ्यांकडूनच घ्यावे. बारावीनंतर लगेच 'बायोइन्फर्मेटिक्स' नावाची पदवी घेतलीच पाहिजे असे नाही. जीवशास्त्र, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र घेऊनही पुढे या विषयात येता येते.

या शास्त्राची एक बाजू लहान गावांतील मुलांना फार अनुकूल आहे. जीनोमच्या आणि प्रथिनांच्या जगभरातील मोठ्या नोंदी विनामूल्य उपलब्ध आहेत. 'स्वयम्' आणि 'एनपीटीईएल'वर अभ्यासक्रम आहेत. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती मिळाल्यास दोन महिने नामांकित प्रयोगशाळेत काम करता येते. सहा महिने हे करून पाहिल्यावर आपल्याला विषय आवडतो की फक्त त्याचे नाव आवडते, हे मुलांना स्वतःलाच कळते.

घराने काय करावे?

लांब वाटेवर घराची साथ लागते. पोस्टडॉकची वर्षे आणि मुलींच्या लग्नाचा व बाळंतपणाचा काळ एकच येतो. खंड पडलेल्या स्त्री-वैज्ञानिकांसाठी केंद्राच्या 'वाइज-किरण' आणि 'बायोकेअर' या योजना आहेत, त्यांची माहिती सासर-माहेर दोन्हीकडे असावी. "अजून शिकतेच का?" हा प्रश्न लग्नकार्यात शंभर वेळा विचारला जातो. त्याचे उत्तर आईवडिलांनी द्यावे, मुलीवर सोडू नये.

दिवसभर पडद्यापुढे बसण्याचे काम असल्याने दर वीस मिनिटांनी नजर दूर न्यावी, तासातून एकदा उठावे, रात्रीची सात-आठ तासांची झोप सोडू नये. पीएच.डी.च्या काळात उमेद खचणे अनेकांच्या वाट्याला येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, झोप वा भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, तर डॉक्टरांना भेटावे. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. 'नीट'ची तयारी करणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे.

पंधरा दिवसांनी ते तिघे पुन्हा आले. वरील सारे मी त्यांच्यापुढे मांडले. नोकऱ्यांच्या अनिश्चिततेबद्दल काहीही झाकून ठेवले नाही. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे खात्री नाही."

"नाही," मी म्हणाले. "पण तिसऱ्या वर्षीच्या 'नीट'चीही नाही. वीस लाखांहून अधिक मुले बसतात आणि जागा सव्वा लाखाच्या आसपास. तुम्ही एका अनिश्चिततेची दुसरीशी तुलना करता आहात, एवढेच लक्षात ठेवा. त्यांतली एक तिने स्वतः निवडली आहे."

त्या दिवशी निर्णय झाला नाही. तो घरी, आठवडाभराने, आईच्या पुढाकाराने झाला. ती आता नागपूरला बी.एस्सी. करते; संख्याशास्त्र हा एक विषय घेतला आहे. मागच्या दिवाळीत आली तेव्हा माझ्या दवाखान्यातील सिकलसेलच्या रुग्णांविषयी तिने इतके प्रश्न विचारले की मला जुनी पुस्तके काढावी लागली. वडील बाहेर बाकावर बसून होते. निघताना त्यांनी हळूच विचारले, "मॅडम, ती नेटची परीक्षा कितव्या वर्षी देता येते?"