अंगणासाठी मुरूम, माती आणि खडी : मागणीपूर्वीचा विचार

घराचे बांधकाम पुरे होऊन वास्तुशांत उरकली म्हणजे अंगणाकडे लक्ष जाते. भोवताली राडारोडा पडलेला असतो, जमीन उंचसखल झालेली असते आणि घरातील मंडळींना तुळशीवृंदावनाची, फुलझाडांची, भाजीच्या चार वाफ्यांची आस लागलेली असते. अशा वेळी ट्रॅक्टरवाल्यास ‘चार ट्रॉल्या मुरूम आणि दोन ट्रॉल्या माती टाकून जा’ असा निरोप धाडला जातो. बियाण्याची पिशवी घेताना तिच्यावरील खूणचिठ्ठी वाचणारा शेतकरीसुद्धा अंगणाचा माल मात्र न मोजता व न पारखता घेतो. त्याची किंमत पहिल्या पावसात कळून येते. मुरूम म्हणून आलेल्या मालाचा चिखल होतो, पाणी जोत्याकडे वळते आणि नव्या वाफ्यात फुलझाडांआधी लव्हाळा उगवतो. एकदा पसरलेला माल परत भरून देता येत नाही. म्हणून जो काही विचार करावयाचा तो मागणीपूर्वीच करावा.

मापाचा हिशेब

‘ट्रॉली’ किंवा ‘खेप’ हे माप नव्हे. आपल्याकडे अशा मालाचे रूढ माप ब्रास हे आहे. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. लांबी, रुंदी व जाडी या तिन्ही फुटांत घेऊन गुणाव्या आणि गुणाकारास १०० ने भागावे, म्हणजे ब्रास मिळतात. जाडी इंचांत असल्यास तिला प्रथम १२ ने भागून फूट करून घ्यावे. चूक होते ती बहुधा येथेच.

उदाहरणादाखल ३० फूट लांब व २० फूट रुंद असे ६०० चौरस फुटांचे अंगण घेऊ. त्यांपैकी ४०० चौरस फुटांवर मुरूम व २०० चौरस फुटांवर वाफे करावयाचे आहेत. मुरुमाचा थर दाबून झाल्यावर ६ इंच हवा असेल, तर २०० घनफूट म्हणजे २ ब्रास माल लागेल. परंतु सुटा मुरूम पाणी मारून धुम्मसने चोपला म्हणजे बसतो. याकरिता चौथा हिस्सा अधिक धरून अडीच ब्रास मागवावा. वाफ्यांत ९ इंचांचा थर देण्यास १५० घनफूट मिश्रण लागेल. दोन भाग माती व एक भाग शेणखत या प्रमाणात १ ब्रास माती व अर्धा ब्रास शेणखत झाले. माती पुढे खचते, म्हणून ती पाव ब्रास अधिक घ्यावी. कुंपणालगत ३० फूट लांब, १ फूट रुंद व दीड फूट खोल असा निचऱ्याचा चर खणल्यास त्यास ४५ घनफूट, म्हणजे सुमारे अर्धा ब्रास खडी पुरते.

हा हिशेब करण्यापूर्वी अंगणाची पातळी ठरविणे अगत्याचे आहे. भराव पुरा झाल्यावरही अंगण जोत्यापासून निदान ६ इंच खाली राहिले पाहिजे आणि त्यास घरापासून बाहेरच्या बाजूस दर ५ फुटांना १ इंच तरी उतार हवा. माल स्वस्त मिळाला म्हणून अंगण जोत्याबरोबर आणले, तर भिंतींना ओल धरते.

माल पारखणे

मुरूम : मऊ मुरूम व कठीण मुरूम असे दोन प्रकार बाजारात असतात. अंगणास कठीण, खरखरीत, पण बारीक भुग्याने सांधला जाणारा मुरूम योग्य. मूठभर मुरूम बादलीतील पाण्यात टाकून ढवळावा. सारा विरघळून गढूळ राबडी झाली, तर तो मातट समजावा. तळाशी खडे राहिले आणि पाणी बेताचेच गढूळ झाले, तर तो घेण्यास हरकत नाही. ओला मुरूम बोटांना चिकट लागत असल्यास तो नाकारावा.

माती : कोणत्या जागेची व किती खोलीवरची, हा प्रश्न विक्रेत्यास प्रथम विचारावा. विहिरीच्या वा पायाच्या खोदाईतून खोलवरून निघालेल्या मातीत सेंद्रिय अंश फारसा नसतो. वाफ्यास वरच्या थराचीच माती हवी. पृष्ठभागावर पांढरे फूल आलेली माती क्षारयुक्त असण्याचा संभव असतो. मातीवर लिंबाचा रस पिळला असता ती फसफसून आली, तर तिच्यात चुनखडी आहे असे समजावे. अशा मातीत लिंबू, गुलाब, मोगरा यांची कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते, म्हणून ती फरशीखाली घालू नये. शेवटी माती चाळून लव्हाळ्याच्या गाठी व हरळीच्या मुळ्या शोधाव्या. लव्हाळ्याची एक गाठ पुढे सारा वाफा व्यापते. गाजरगवत हे परमुलखातून आलेले तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळले आणि पुढे देशभर पसरले. एका घरचे तण दुसऱ्या घरी नेण्यास मातीची एक खेपही पुरते. अधिक माती घ्यावयाची असल्यास तिचा नमुना आधी मृद चाचणी प्रयोगशाळेत तपासून घेणे इष्ट.

शेणखत : चांगले कुजलेले खत गडद रंगाचे, भुसभुशीत व हातास थंड लागते, त्यास उग्र वास येत नाही. ढिगात हात घातला असता ऊब लागली, तर खत कच्चे आहे. अशा खताने रोपांची मुळे पोळतात आणि हुमणीच्या पांढऱ्या, बाकदार अळ्या बागेत येतात. ढिगाच्या वरचेच नव्हे, तर आतले खतही उकरून पाहावे.

खडी व वाळू : निचऱ्याच्या चरास ४० मिलिमीटरची, कच नसलेली खडी घ्यावी, कचामुळे पाण्याची वाट बुजते. फरशीखालच्या वाळूची किंवा क्रश सँडची पारख करताना ध्यानी घ्यावे की, ओलसर वाळू फुगते. पेल्यात ओलसर वाळू काठोकाठ भरून खूण करावी, मग ती पाण्यात पूर्ण बुडवून ढवळावी. पातळी जितकी खाली जाईल, तितकी हवा आपण वाळूच्या भावाने घेत होतो असे समजावे.

गाडी दारात आल्यावर

भाव ठरविताना तो दर ब्रासला ठरवावा आणि माल उतरण्यापूर्वी मोजावा. ट्रॉलीचा हौदा आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व दीड फूट उंच असेल, तर काठोकाठ भरूनही त्यात ९० घनफूटच माल मावतो. तोच सव्वा फूट भरला, तर ७५ घनफूट होतो. त्यास ब्रास म्हणून पैसे मोजल्यास चार खेपांमागे पुरा एक ब्रास माल कमी मिळतो. माल एका बाजूस उंच व दुसऱ्या बाजूस खोल असतो. म्हणून चार कोपऱ्यांत व मध्यभागी काठी खोचून पाच ठिकाणची खोली मोजावी व सरासरी काढावी. माप घेताना चालकासही जवळ उभे करावे, म्हणजे मागाहून वाद राहत नाही.

वाहतूक परवाना

मुरूम, वाळू व खडी ही गौण खनिजे आहेत. भरावासाठी वापरली जाणारी साधी मातीही केंद्र शासनाच्या २००० सालच्या अधिसूचनेने त्यांत समाविष्ट झाली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ अन्वये विनापरवाना काढलेल्या वा वाहून नेलेल्या गौण खनिजावर बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो व वाहनही जप्त होऊ शकते. म्हणून विक्रेत्याकडे वाहतूक परवाना मागावा व त्याची प्रत जवळ ठेवावी. फारच स्वस्त मिळणाऱ्या मालाचा उगम विचारल्याखेरीज तो घेऊ नये.

वेळ आणि क्रम

मे महिन्याच्या मध्यापर्यंत माल येऊन पडावा. पाऊस सुरू झाल्यावर काळ्या जमिनीतून गाडी येत नाही आणि उघडा ढीग वाहून जातो. प्रथम खडी, मग मुरूम व सर्वांत शेवटी माती आणि शेणखत आणावे. कारण वाफ्याच्या मातीवरून ट्रॅक्टरचे चाक गेले की ती दडपते व मुळांना हवा मिळत नाही. मुरूम एकदम न पसरता तीन-तीन इंचांच्या थरांनी पाणी मारून चोपावा.

एक सूचना विशेष महत्त्वाची. अंगणातील जुन्या आंब्याच्या बुंध्याशी माती किंवा मुरूम रचू नये, तसेच त्याच्या मुळांवर जाड भराव घालू नये. मुळांचा श्वास कोंडल्याने झाड लगेच नव्हे, तर दोन-चार वर्षांत सुकत जाते, आणि तोवर भरावाची आठवणही कोणास राहत नाही. वाडवडिलांनी लावलेले झाड अशा रीतीने जाऊ देण्यापेक्षा तेवढी जागा मूळच्या पातळीवर ठेवून भोवती दगडांचे कडे करावे.

मोजपट्टी, काठी, पाण्याची बादली आणि एक लिंबू एवढ्या साधनांनी ही सारी पारख होते. मागणीच्या आदल्या दिवशी घरच्या मंडळींनी मिळून अंगण मोजावे, हिशेब कागदावर मांडावा आणि मगच गाडीवाल्यास निरोप द्यावा.