थॉमस रँडॉल्फ, मरेचा पहिला अर्ल

थॉमस रँडॉल्फ (मृत्यू: २० जुलै, इ.स. १३३२) हा मध्ययुगीन स्कॉटलंडमधील सरदार, सेनानी व मुत्सद्दी होता. राजा रॉबर्ट द ब्रूस याचा तो भाचा व प्रमुख सल्लागार असून, ब्रूसच्या मृत्यूनंतर बालराजा दुसरा डेव्हिड याच्या वतीने त्याने राज्यकारभार सांभाळला.

== पक्षांतर व पुनरागमन ==

इ.स. १३०६ मध्ये ब्रूसने राज्याभिषेक करवून घेतला, तेव्हा रँडॉल्फ त्याच्या बाजूस होता. त्याच वर्षी मेथव्हेनच्या लढाईत तो इंग्रजांच्या हाती सापडला आणि पुढे त्यांच्याच बाजूने लढू लागला. इ.स. १३०८ मध्ये जेम्स डग्लसने त्याला पकडून राजापुढे उभे केले. जॉन बार्बर या कवीच्या 'द ब्रूस' या काव्यातील वर्णनानुसार, समोरासमोर न लढता गनिमी काव्याने लढतो म्हणून त्याने राजाचीच निर्भर्त्सना केली. राजाने त्याला काही काळ कैदेत ठेवले. पुढे दोघांत समेट झाला व इ.स. १३१२ मध्ये रँडॉल्फला मरेचा अर्ल करण्यात आले.

== लष्करी कामगिरी ==

मार्च १३१४ मध्ये त्याने एडिंबराचा किल्ला जिंकला. वेढ्याने किल्ला हाती येईना, तेव्हा विल्यम फ्रान्सिस या वाटाड्याच्या मदतीने सुमारे तीस निवडक माणसे घेऊन तो रात्रीच्या अंधारात कडा चढला. ज्या युद्धपद्धतीला त्याने पूर्वी नावे ठेवली होती, तिचाच त्याने येथे अवलंब केला. त्याच वर्षी जूनमध्ये बॅनकबर्नच्या लढाईत त्याच्या भालाईतांनी इंग्रज घोडदळाचा हल्ला परतवला. इ.स. १३१९ मध्ये मायटनच्या लढाईत त्याने व डग्लसने विजय मिळवला.

== मुत्सद्देगिरी ==

पोप ब्रूसला राजा म्हणून संबोधत नसे, आणि 'राजा' हे संबोधन नसलेली पत्रे ब्रूस स्वीकारत नसे. ही कोंडी फोडण्यासाठी रँडॉल्फ अविन्यों येथे पोप बाविसावा जॉन याच्या दरबारी गेला. ब्रूसला राजा म्हणून पत्र लिहिण्यास त्याने पोपला राजी केले. रणांगणावर मिळवलेल्या विजयांना राजनैतिक मान्यता मिळण्याच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची होती. इ.स. १३२६ च्या कोर्बेय तहान्वये फ्रान्सशी मैत्री जोडण्यातही त्याचा वाटा होता. इ.स. १३२८ च्या तहाने इंग्लंडने स्कॉटलंडचे स्वातंत्र्य मान्य केले.

== राज्यपालक व मृत्यू ==

जून १३२९ मध्ये ब्रूस निवर्तला, तेव्हा डेव्हिड अवघा पाच वर्षांचा होता. पूर्वी ठरल्याप्रमाणे रँडॉल्फ राज्यपालक झाला. एडवर्ड बॅलिअलच्या स्वारीला तोंड देण्याची तयारी चालू असतानाच मसलबरा येथे त्याचे निधन झाले. त्याच्यावर विषप्रयोग झाल्याची वदंता होती. तथापि आजारपण हेच कारण असावे, असे अनेक इतिहासकार मानतात.

त्याच्यानंतर राज्यपालक झालेला मारचा अर्ल डोनाल्ड सुमारे तीन आठवड्यांनी, ११ ऑगस्ट रोजी, डप्लिन मूरच्या लढाईत मारला गेला. रँडॉल्फचा थोरला मुलगा थॉमस हाही तेथेच पडला. त्याची मुलगी ॲग्नेस हिने इ.स. १३३८ मध्ये डनबारचा किल्ला सुमारे पाच महिने इंग्रजांविरुद्ध लढवून राखला.