उडायचं कळलं, उतरायचं राहिलं

अंबड अंबरीष राजाने वसवलं, असं इथे परंपरेने सांगतात. भागवतातल्या त्याच्या गोष्टीत रागावलेले दुर्वास जटा उपटून कृत्या उभी करतात आणि विष्णूचं चक्र तिला जाळून टाकतं. राजाकडे मात्र कसलीच विद्या नाही. तो नुसता जागेवर उभा राहतो. चमत्कार कोणाच्या हाती द्यायचा, कोणाच्या नाही, हे गोष्ट रचणाऱ्याने पक्कं ठरवलेलं असतं.

या बाबतीत मला सगळ्यात थक्क करते ती शेजारच्या पैठणची परंपरा. सातवाहनांच्या दरबारातल्या गुणाढ्याने पैशाची भाषेत बृहत्कथा रचली, असं मानतात. मूळ ग्रंथ हरवला. तिच्यातल्या कथा सोमदेवाने ११व्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या कथासरित्सागरात भेटतात.

त्यात विद्याधरांचं अख्खं जग आहे. आकाशातून ये-जा त्यांच्या अंगवळणी पडलेली. पण शाप लागला की सगळं जातं आणि माणसाच्या जन्माला यावं लागतं.

माणसांच्या वाट्याला जादू येते ती अर्धीमुर्धी. कालरात्री नावाची चेटकीण मंत्र म्हणून अख्ख्या गोठ्यासकट उज्जैनला उडते. आत लपलेला सुंदरक नावाचा तरुण तो मंत्र ऐकून ठेवतो. उतरण्याचा मात्र त्याला साधत नाही! पुढे कनौजच्या बाजारात तो मुळे विकताना पकडला जातो, कारण मुळे माळव्यातले. इतक्या लांबून आणलेस कसे, या प्रश्नाला तो उत्तर देत नाही.

आणि मग येते मयासुराची मुलगी सोमप्रभा. मैत्रीण कलिंगसेनेसाठी ती करंडीभर लाकडी बाहुल्या आणते. कळ दाबली की एक उडत जाऊन फुलांची माळ आणते, एक पाणी आणते, एक नाचते, एक चक्क गप्पा मारते. हे मंत्राने नव्हे, यंत्राने चालतं, आणि त्यामागचं शास्त्रही ती सांगते: पंचमहाभूतांची यंत्रं. पृथ्वीयंत्र दारं बंद करतं, जलयंत्र सजीव भासतं, तेजोयंत्र ज्वाळा ओकतं, वातयंत्र हालचाल करतं, आकाशयंत्र बोलतं. आकाशच का बोलतं? कारण आपल्या दर्शनांत शब्द हा आकाशाचा गुण. ११व्या शतकातल्या गोष्टीतली बोलकी बाहुलीसुद्धा तत्त्वज्ञानाच्या पायावर उभी आहे!

सोमप्रभाला ही सगळी यंत्रं वडिलांकडून मिळालेली. अमृताचं रक्षण करणारं चक्रयंत्र तेवढं एकट्या मयालाच ठाऊक.