कंपायलरास किती मोकळीक द्यावी ?

बहुतेक घरांत संगणक येतो तो ऑपरेटिंग सिस्टीम बसवूनच. जेंटू लिनक्सची तऱ्हा निराळी आहे. २००२ सालीं जिची १.० ही आवृत्ति निघाली, त्या या सिस्टीमचा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रॅमरांनीं सी इत्यादि भाषांत लिहिलेला सोर्स कोड, घरीं आणावयाचा आणि कंपायलरकडून त्याचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करून घ्यावयाचें, असा तिचा मूळचा परिपाठ.

रूपांतर करतांना कंपायलर स्वतःच्या बुद्धीनें फेरफारही करतो. एकदां झालेली आकडेमोड तो पुन्हां करूं देत नाहीं; निरुपयोगी ओळी गाळतो. ही मोकळीक किती द्यावी हें मालकानें ठरवावयाचें असतें. जीसीसी या कंपायलरांत तिच्या ‘ओ-०’ पासून ‘ओ-३’ पर्यंत पायऱ्या आहेत.

आंकडा मोठा तितका वेग अधिक, असें नवख्यास वाटतें. पण ‘ओ-३’ वर आज्ञांचा पसारा वाढतो. प्रोसेसरच्या अगदीं जवळची जलद स्मृति बहुधा ३२ वा ६४ किलोबाइटांचीच. पसारा तींत मावेनासा झाला कीं दूरच्या स्मृतीकडे खेपा घालाव्या लागतात, आणि वेग उलट घटतो. म्हणून जेंटूच्या मार्गदर्शिकेंत शिफारस आहे ती ‘ओ-२’ ची.

वेग थोडा उणा राहिला तरी फारसें बिघडत नाहीं. खरी जोखीम कंपायलरच्या तर्काची. २००९ सालीं लिनक्सच्या गाभ्यांत, नेटवर्कच्या एका ड्रायव्हरमध्यें, असा तर्क भोंवला. पत्ता रिकामा तर नाहीं ना, ही तपासणी मजकुरांत होती. पण त्या पत्त्यावरून माहिती वाचून झाल्यानंतर ती लिहिलेली होती. रिकाम्या पत्त्यावरून वाचणें सी भाषेंत निषिद्ध. तेव्हां कंपायलरनें ताडलें कीं, ज्या अर्थीं वाचलें आहे त्या अर्थीं पत्ता रिकामा नसणारच. मग तपासणी हवी कशाला? ती गाळली गेली, आणि सामान्य वापरकर्त्यास साऱ्या यंत्राचा ताबा घेण्याची वाट मोकळी झाली. चूक मूळ मजकुराच्या क्रमांत होती खरी. परंतु मजकूर वाचणाऱ्यास तपासणी डोळ्यांसमोर दिसत होती, आणि यंत्रांत मात्र ती नव्हती!

चित्रें वा ध्वनि हाताळणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमपुरता ‘ओ-३’ लावून पाहण्याची सोय जेंटूंत आहे. गाभा मात्र मालकाच्या या निवडीस जुमानत नाहीं. कंपायलरसाठींच्या आज्ञा तो आपल्याबरोबरच आणतो, आणि रिकाम्या पत्त्याची तपासणी गाळूं नये, ही आज्ञा २००९ पासून त्यांत आहे.