नांगराच्या तासातून निघालेलं घर

ओक्लाहोमातल्या अलाइन या छोट्या गावाजवळच्या संग्रहालयात शिरलं, की इमारतीच्या पोटात आणखी एक घर दिसतं. मार्शल मॅककली यांनी 1894 मध्ये बांधलेलं, दोन खोल्यांचं, मातीचं. उघड्यावर राहिलं असतं तर पावसानं ते केव्हाच वाहून नेलं असतं. वसाहतकारांनी राज्यात अशी हजारो घरं बांधली. त्यांतलं मूळ म्हणावं असं हे एकच उरलं आहे.

माती म्हणजे चिखल नव्हे, विटाही नव्हेत. या माळावर झाडं नव्हती, होतं ते बफेलो गवत. त्याच्या मुळांची जाळी इतकी घट्ट, की खास नांगरानं तास धरला तर माती न फुटता फूटभर रुंद, तीन-चार इंच जाड पट्टीच उलटून येई. कुदळीनं तिचे तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली करून रचायचे. दोन-तीन तुकडे शेजारी, मधूनच एक थर आडवा. दिवसभरात रचून होईल तेवढंच कापायचं, कारण वाळलेला तुकडा भुरभुरतो. भिंत पुढे दबत जाते, म्हणून खिडकीच्या चौकटीवर मोकळी जागा सोडून तीत चिंध्या कोंबायच्या. ही शेवटची युक्ती मला सगळ्यांत आवडली.

मॅककलींनी आतून खाऱ्या मातीचा गिलावा केला. भिंतीतून उंदीर आणि साप येऊ नयेत, हाही त्यामागचा हेतू. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरासारखा गारवा अशा घरांतही असे, पण धाब्यावरची पांढरी माती पाणी अडवते. इथलं गवताळ छप्पर मात्र पाऊस थांबल्यावरही ठिबकत राही. वरून पडणारी माती झेलायला आढ्याखाली कापड ताणत.

मॅककली कुटुंब इथे 1909 पर्यंत राहिलं. जमीन नावावर व्हायची तर तिथं राहून ती कसल्याचा पुरावा द्यावा लागे. एकाच नांगरटीत घराच्या भिंती मिळत आणि उघडी पडलेली जमीनही.

ही जमीन कुणाची? 16 सप्टेंबर 1893 रोजी दुपारी बारा वाजता इशाऱ्याच्या गोळ्या सुटल्या आणि लाखाहून अधिक माणसं घोडे, गाड्या घेऊन 160 एकरांचे तुकडे गाठायला धावली. त्या गर्दीत मॅककलीही होते. ही माणसं जिथे धावली तो चेरोकी आउटलेट, चेरोकी या मूळनिवासी लोकांचा मुलूख. चेरोकी राष्ट्र तो गुरं चारणाऱ्यांना भाड्यानं देत असे. 1890 मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी तिथली चराई बंद केली, भाडं आटलं, आणि सुमारे 85 लाख डॉलरांत आउटलेट सरकारला विकण्यावाचून चेरोकींपुढे मार्ग उरला नाही. साठ लाखांहून अधिक एकरांची ती किंमत. म्हणजे एकरी दीड डॉलरही नाही.